‘रोमन हॉलिडे’ गच्चीवर मराठीत बोलायचाय: राजकन्या ‘आम्ही’ म्हणेल की ‘मी’?

साखरपेठकर

नमस्कार मंडळी. सोलापुरातून लिहितोय. कोजागिरीला आमच्या वाड्याच्या गच्चीवर दरवर्षी दूध असतं. गाणी होतात, भेंड्या होतात, बाराच्या पुढं बायका फेर धरतात. यंदा मी ‘रोमन हॉलिडे’ दाखवायचं कबूल केलंय. भाच्याकडं प्रोजेक्टर आहे, पडद्याला पांढरा पलंगपोस. बघायला तीस-पस्तीस माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका, आणि इंग्रजी कळणारी दोन-तीन पोरं. म्हणून आवाज थोडा बारीक करून मी शेजारी बसणार आणि पडद्यावरचं माणूस बोललं की त्याचं वाक्य मराठीत म्हणणार. ‘आता ती असं म्हणतेय’ असं सांगायचं नाही. सरळ तिच्याच तोंडचं बोलायचं.

मी टॉवेलच्या कारखान्यात जकार्डचं, म्हणजे विणूनच उमटणाऱ्या नक्षीचं, डिझाइन करतो. हा सिनेमा पंधरा वेळा तरी पाहिलाय. गेले तीन आठवडे रात्री जेवण झालं की वही घेऊन बसतो. सिनेमा ११८ मिनिटांचा, वहीची ऐंशी पानं भरलीत.

अडलंय कुठं ते सांगतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. राजदूताला यू, न्हाव्याला यू, फुलवाल्यालाही यू. मराठीत तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं, समोरचा तू, तुम्ही की आपण. वर राजघराण्यातली माणसं स्वतःला ‘मी’ म्हणत नाहीत, ‘आम्ही’ म्हणतात. म्हणजे राजकन्येचं पहिलं वाक्य बोलायच्या आत मला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात, ज्या मूळ लिहिणाऱ्याला ठरवाव्याच लागल्या नाहीत. आमच्या कामात आलेखाच्या कागदावर एक चौकट चुकीची भरली की ती चूक प्रत्येक टॉवेलावर उमटते. इथंही तसंच होणार. पहिल्या दहा मिनिटांत चुकलो तर शेवटपर्यंत ते निस्तरता येणार नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. १९५३चा सिनेमा, दिग्दर्शक विल्यम वायलर, ऑड्री हेपबर्न आणि ग्रेगरी पेक. ॲन नावाची राजकन्या, देशाचं नाव शेवटपर्यंत सांगत नाहीत, लंडन, ॲमस्टरडॅम, पॅरिस करत रोमला येते. दिवसभर हात मिळवायचे, ठरवून दिलेलंच बोलायचं, रात्री झोपताना दूध आणि बिस्किटं. एका रात्री तिचा बांध फुटतो. डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतो, ते चढायच्या आत ती मालाच्या गाडीत लपून दूतावासाबाहेर पडते. रस्त्याकडेच्या कट्ट्यावर पेंगताना ती जो ब्रॅडली या अमेरिकन बातमीदाराला सापडते. त्याला वाटतं, पोरगी प्यालीय. नाइलाजानं खोलीवर नेतो. दुसऱ्या दिवशी पेपरातला फोटो बघून त्याला कळतं ती कोण. तो संपादकाशी ५ हजार डॉलरचा सौदा करतो, तिला पत्ता लागू न देता दिवसभर रोमभर हिंडवतो आणि त्याचा मित्र आयर्विंग सिगारेट लायटरमधल्या कॅमेऱ्यानं तिचे फोटो काढत राहतो.

आता पहिल्या रात्री जो तिला तू म्हणणार, यात वाद नाही. पण ती कोण ते कळल्यावर? आपली जीभ आपोआप ‘अहो’वर जाईल. त्याला मात्र कळल्याचं लपवायचंय. तू तसंच ठेवलं तर गच्चीवरच्या म्हाताऱ्या म्हणतील, राजाच्या लेकीला अगं-तुगं काय करतोय हा. आणि ती त्याला काय म्हणेल? तिचं ‘आम्ही’ सुटून ‘मी’ कुठं व्हावं? मला वाटतं, हिंडताना ती न्हाव्याकडं केस कापून घेते तेव्हा. वेणीबरोबर ‘आम्ही’ही खाली पडावं. पण खात्री नाही. ‘युअर हायनेस’ला काय म्हणू? ‘महामहिम’ लिहून बघितलं, सरकारी कार्यक्रमात बसल्यासारखं वाटलं.

हे सगळं मनावर घेण्याचं कारण माझी आई. तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. हजार विड्यांचा हिशेब, सूप मांडीवर, कात्री हातात. मागच्या वर्षी मी हा सिनेमा बघत होतो तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत हलली नाही. संपल्यावर म्हणाली, “ती परत का गेली रे?” मी म्हणालो, कर्तव्य होतं तिचं. त्यावर आई म्हणाली, “ते तर आधीपण होतंच की. मग पळाली कशाला?”

मला उत्तर देता आलं नाही. पण उत्तर सिनेमात आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि मराठीत ते या आम्ही-मी, तू-आपणमधूनच पोचेल असं वाटतंय. जाणकारांनी सांगा.

जुना_प्रेक्षक

साखरपेठकर, वाचून फार आनंद झाला. फिल्म सोसायटीच्या काळापासून हा सिनेमा बघत आलोय, पण हा प्रश्न कुणी विचारलेला ऐकला नव्हता.

जोचं ‘तू’ अजिबात बदलू नका. तुमच्या गच्चीवरच्या म्हाताऱ्यांना ते खटकेल म्हणता ना? खटकू दे. ती कोण हे त्यांना माहीत आहे, जोलाही माहीत आहे, आणि तरी तो तू म्हणतोय. तो खोटं वागतोय हे त्यांना त्या एका शब्दातूनच कळेल, वेगळं सांगावं लागणार नाही. पेकनं तो सगळा दुपारचा भाग फार नीट केलाय. वागणं मोकळं, आणि डोळे मधूनच हिशेब करणारे. तुमचा ‘तू’ दुपारी जरा जास्त गोड येऊ द्या आणि संध्याकाळनंतर साधा. तेवढ्यानं काम होईल.

‘आम्ही’बद्दल एक खरी हकिकत सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. ऑड्री हेपबर्नची या भूमिकेसाठीची चाचणी १९५१ साली इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत थोरॉल्ड डिकिन्सन यांनी घेतली. वायलर तिथं नव्हते. त्यांचा निरोप होता की प्रवेश संपला असं सांगितल्यावरही कॅमेरा चालू ठेवा. तिनं राजकन्येच्या शयनगृहाचा प्रवेश केला, संपला म्हटल्यावर ती पलंगावर उठून बसली, हसली, मोकळेपणानं बोलायला लागली, आणि ते सगळं फिल्मवर आलं. भूमिका तिला मिळाली ती या नंतरच्या तुकड्यामुळं. म्हणजे वायलर नेमकं हेच शोधत होते, तुमच्या भाषेत सांगायचं तर ‘आम्ही’ संपल्यावरची ‘मी’.

सत्याच्या मुखाचा प्रवेश आला की मात्र गप्प बसा. दगडी तोंडात हात घालायचा आणि खोटं बोलणाऱ्याचा हात तुटतो अशी समजूत. पेकनं हात बाहीत ओढून घेतला, तो असं करणार हे तिला सांगितलं नव्हतं. तिची किंकाळी खरी आहे. त्यावर मराठी नको.

अक्कलकोटची_लेक

माझी आजी एका जुन्या सरदार घराण्यात स्वयंपाकाला होती. नाव घेत नाही, ती माणसं आता हयात नाहीत. तिच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

घरातल्या अविवाहित मुलीला सगळे नोकर ‘ताईसाहेब’ म्हणायचे. ‘युअर हायनेस’ला तेच वापरा, बायकांना चटकन लागेल. फक्त परके लोक, म्हणजे राजदूत आणि पत्रकार, ‘सरकार’ म्हणू देत. घरचं आणि बाहेरचं वेगळं राहील. ती पलंगावर हट्ट करते तेव्हा तिच्या दिमतीच्या त्या सरदारीणबाईनं, म्हणजे काउंटेसनं, ‘ताईसाहेब, असं करू नये’ म्हणावं. ‘करू नका’ नाही. मोठ्या घरात मुलींना आज्ञा करत नसत, ‘करू नये’ म्हणत, आणि ते आज्ञेपेक्षा कडक असायचं, असं आजी सांगायची.

दुसरं म्हणजे, तिथं कुणाला ‘जा’ म्हणत नसत. ‘या आता’ म्हणत. पहिल्या रात्री जोच्या खोलीत ती गुंगीत त्याला जायची परवानगी देते, त्याच्याच खोलीतून. तिथं ‘आपण यावं आता’ असं म्हणा. आणि शेवटी ती परत आल्यावर राजदूताला आणि बाकीच्यांना हेच वाक्य म्हणते. दोन्हीकडं शब्दाला शब्द तोच ठेवा. पहिल्यांदा बायका हसतील. दुसऱ्यांदा हसणार नाहीत.

‘आम्ही’ केस कापताना सोडू नका, त्याच्या आधी सोडा. ती जिना उतरून निघाल्यावर जोकडं पैसे उसने मागते ना, हजार लिरा, तिथं. आजन्म जिनं हातात पैसा धरला नाही ती पहिल्यांदा कुणाकडं तरी मागतेय. ‘आम्हाला पैसे हवेत’ म्हटलं तर ती वसुली झाली. मागायचं तर ‘माझ्याकडं पैसे नाहीत’ असंच म्हणावं लागतं. केस तर ती त्यानंतर स्वतःच्या मर्जीनं कापते.

गाणी_जुनी

एवढा खटाटोप कशाला? राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ लावा. तो याच सिनेमावरून घेतलाय, हिंदी सगळ्यांना कळेल, वर शंकर-जयकिशनची गाणी.

जुना_प्रेक्षक

गाण्यांबद्दल दुमत नाही. पण १९५६चा ‘चोरी चोरी’ या सिनेमावरून नाही. तो ‘इट हॅपन्ड वन नाइट’वरून आलाय, १९३४चा, फ्रँक काप्राचा. त्यातली मुलगी धनवानाची आहे, राजाची नाही, आणि शेवटी लग्न होतं. गल्लत होते कारण पळालेली मुलगी आणि पत्रकार दोन्हीकडं आहेत. ‘रोमन हॉलिडे’ही आधी काप्राच करणार होते, केरी ग्रँट आणि एलिझाबेथ टेलरना घेऊन. ते राहिलं आणि वायलरकडं आलं. साखरपेठकरांच्या आईंचा प्रश्न मात्र ‘चोरी चोरी’ बघून पडणारच नाही. तिथं परत जायचा प्रश्नच येत नाही.

पद्मा_अशोक_चौक

मी पण सोलापूरचीच, घरात तेलुगू. आमच्यात नुव्वु, मीरु आणि त्याच्याही वर तमरु. कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणींच्यात नीनु, नीवु, तावु. म्हणजे तुमच्या गच्चीवर जी माणसं असणार त्यांच्या घरात कुठलीही भाषा असो, या तीन पायऱ्या त्यांना माहीत आहेत. काळजी करू नका, सगळ्यांना समजेल.

मला एकच सांगायचंय. तुम्ही जो तिला काय म्हणतो एवढंच बघताय. ती त्याला काय म्हणते तेही बघा. ती सुरुवातीला ‘आपण’ म्हणू दे, दिवसभर ‘तुम्ही’ म्हणू दे. आणि शेवटी गाडीत, दूतावासाच्या कोपऱ्यावर, ती सांगते ना की मी त्या कोपऱ्यावर वळेन, गाडीतच थांब, मी वळल्यावर बघू नकोस, तिथं पहिल्यांदा आणि एकदाच ‘तू’. आमच्या आई-सासूच्या पिढीनं नवऱ्याला कधी तू म्हटलं नाही. त्या बायकांना तो एक शब्द बरोबर ऐकू येईल. आयुष्यात ज्याला तू म्हणता आलं असतं त्याला ती एकदा तू म्हणते आणि उतरून जाते.

साखरपेठकर

काल रात्री तुमचे प्रतिसाद वहीशेजारी ठेवून पुन्हा सगळं लिहिलं. पद्माताई, गाडीचं पान वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली, “देवाला आणि लेकराला तू म्हणतो आपण. तू म्हटलं म्हणजे आपला झाला.” ते पान आता पक्कं.

अक्कलकोटच्या ताई, हजार लिरांचंही पटलं. मी इतक्या वेळा पाहून मला ते दिसलं नव्हतं. मागायला येताना ती दोनदा अडखळते, ते ‘आम्ही’ गिळणंच आहे.

आता एकच गाठ उरलीय, शेवटची पत्रकार परिषद. ती परत राजकन्या झालीय, समोर सगळे पत्रकार, त्यात जो आणि आयर्विंग. विचारतात, कुठलं शहर सर्वांत आवडलं? ती पाठ केलेलं उत्तर सुरू करते, प्रत्येक शहर आपापल्या परीनं... आणि थांबते. मग म्हणते, रोम. मला वाटतंय ते असं लिहावं: “प्रत्येक शहर आम्हाला आपापल्या परीनं अविस्मरणीय... रोम. मला रोम.” सुरुवात ‘आम्ही’नं, शेवट ‘मी’नं. फार झालं का?

अक्कलकोटची_लेक

अजिबात नाही. तसंच म्हणा. आणि ‘मला’वर जोर देऊ नका, साधं म्हणा.

रात्रपाळी

मी छपाईत होतो, प्रूफं वाचायचो, त्यामुळं नावांकडं आधी लक्ष जातं. या सिनेमाच्या नामावळीची गोष्ट तुमच्या गच्चीवर कुणी सांगावी असं वाटतं.

कथा लिहिली डाल्टन ट्रंबोनं. पण तो ‘हॉलीवूड टेन’मधला. १९४७ साली कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकन संसदेच्या समितीपुढं उत्तरं द्यायचं नाकारलं म्हणून या दहाजणांना तुरुंगवास झाला आणि त्यांना कुठल्याही स्टुडिओनं उघडपणे काम द्यायचं नाही असं ठरलं. म्हणून त्याच्या मित्रानं, इयन मॅक्लेलन हंटरनं, कथेवर स्वतःचं नाव लावलं. सिनेमाला तीन ऑस्कर मिळाली: हेपबर्नला, वेशभूषेसाठी इडिथ हेडला, आणि कथेला. कथेचं हंटरच्या नावावर गेलं. ट्रंबो १९७६ साली वारला. ऑस्कर त्याच्या नावानं दिलं गेलं ते १९९३ साली, ते त्याच्या पत्नीनं घेतलं. लेखक म्हणून त्याचं नाव २०११ साली परत लागलं.

राजकन्या दिवसभर खोट्या नावानं हिंडते, बातमीदार खतं-रसायनं विकतो असं सांगतो, आणि ज्यानं हे लिहिलं त्यालाही खरं नाव सांगता येत नव्हतं. मी हे कळल्यानंतर पुन्हा सिनेमा बघितला तेव्हा तो मला वेगळाच दिसला. आणखी एक नावाचीच गोष्ट: पेक तेव्हा मोठा नट, ही नवखी. करारानं वर फक्त त्याचं नाव यायचं होतं. त्यानंच सांगितलं की हिचंही नाव वर, माझ्याबरोबर लावा. तसं लावलं.

साखरपेठकर

रात्रपाळी, धन्यवाद. आमच्या चादरीवर कारखान्याचं नाव विणलेलं असतं, कोपऱ्यात, चादर फाटेपर्यंत टिकतं. नक्षी कुणी काढली ते कुठं विणलेलं नसतं. त्यामुळं मला हे जरा जास्तच लागलं. सिनेमा सुरू होण्याआधी सांगतो, वचन.

साखरपेठकर

काल कोजागिरी झाली. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी त्यात हात घातला होता.

पहिली अडचण चंद्राचीच आली. एवढं टिपूर पडलं होतं की पलंगपोसावर चित्रच उठेना, काळं-पांढरं सगळं राखाडी. शेवटी पलंगपोस काढून पाण्याच्या टाकीच्या सावलीतल्या भिंतीवर बांधला, माणसं वळवून बसवली आणि साडेनऊला सुरू केलं. आधी ट्रंबोची गोष्ट सांगितली. आमच्या वाड्यातले एक मामा सूतगिरणीतून निवृत्त झालेत, त्यांनी एकच विचारलं, “नाव लागलं ना पण शेवटी?” लागलं म्हणालो.

सुरुवातीच्या मेजवानीत ती उभी राहून राहून पाय दुखतात म्हणून घेरदार झग्याखाली बूट काढते आणि तो उलटा पडतो. इथंच गच्ची माझी झाली. सगळ्या बायका एकदम हसल्या. लग्नात उभं राहिलेल्या प्रत्येकीला ते ठाऊक होतं. ‘आपण यावं आता’वर पहिल्यांदा मोठा हशा आला, ताई म्हणाल्या तसाच. जोच्या ‘तू’बद्दल जुन्या प्रेक्षकांनी सांगितलं ते अक्षरशः झालं. दुपारच्या भागात मागून एक आजी म्हणाल्या, “गोड बोलून फसवतोय बघ पोरीला.” मी काही समजावलं नव्हतं.

सत्याच्या मुखाशी मी तोंड मिटून बसलो. ती किंचाळली तेव्हा दोन पोरं गच्चीवर किंचाळली.

मग नदीतून भिजून जोच्या खोलीवर येतात तो प्रवेश. खोलीत स्वयंपाकघर नाही असं तो म्हणतो. ती म्हणते, मला स्वयंपाक चांगला येतो, शिवण येतं, घर झाडता येतं, इस्त्री येते. सगळं शिकलेय. फक्त कुणासाठी करायची वेळ आली नाही. हे वाक्य मी वहीत आठ वेळा लिहिलं होतं, त्यातलं सर्वांत साधं वाचलं. गच्ची इतकी गप्प झाली की स्टोव्हचा आवाज ऐकू येत होता. एवढ्यात आमच्या शेजारच्या अक्का पुटपुटल्या, “आम्हाला नुसती तीच वेळ आली की.” कुणी हसलं नाही. मीही पुढचं वाक्य जरा उशिरानं बोललो.

गाडीतला ‘तू’ आला. पद्माताई, तुम्ही तिथं असायला हवं होतं. आईनं पदर तोंडाला लावला.

आणि आता जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. दूध बरोबर त्याच वेळी उतरलं. भाच्यानं पेले फिरवले, वेलदोडा-केशराचा वास, सगळ्यांच्या हातात गरम दूध, आणि पडद्यावर ती परत आलेली. राजदूत कर्तव्याची आठवण करून देतो. ती त्याला सांगते, तो शब्द पुन्हा वापरायची गरज पडणार नाही अशी आशा आहे. माझ्या वहीत पुढं ‘आम्ही’ होतं, राजवाड्यात परत आली म्हणून. तोंडातून आलं, “माझं कर्तव्य मला ठाऊक नसतं, तर मी आज परत आले नसते. आज काय, कधीच आले नसते.” मी थांबलो नाही, पुढं गेलो. “आपण यावं आता.” आणि शेवटी सरदारीणबाईंना, “दूध-बिस्किटं नकोत.”

पंचवीस-तीस माणसं दुधाचा पेला हातात तसाच धरून बसलेली. कुणी ओठाला लावेना.

तिथं आई बोलली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. “आधी तिला ठेवली होती. आता तिची ती आली.”

मला वर्षभर जे सांगता आलं नव्हतं ते तिनं मलाच सांगितलं.

पत्रकार परिषद मी जवळजवळ वाचलीच नाही. आयर्विंग फोटोंचं पाकीट तिच्या हातात देतो तेव्हा समजावून सांगायची गरज पडली नाही. सगळ्यांना कळलं की ५ हजार डॉलर त्या पाकिटात गेले. रोमचं वाक्य ठरल्याप्रमाणं म्हणालो. “आम्हाला” आणि “मला” यांच्या मधे ती क्षणभर थांबते, मीही थांबलो, आणि त्या थांबण्यात कुणीतरी माझ्याआधी “रोम” म्हणालं. आठवीतली पोरगी, समोरच बसलेली. मग ती खाली उतरून एकेकाशी हात मिळवते. जो आपलं नाव आणि वृत्तसंस्था सांगतो, ती त्याला भेटून आनंद झाला म्हणते. तिथं मी दोघांनाही ‘आपण’ दिलं. दिवसभराच्या तू-तुम्हीनंतर ते ‘आपण’ माझ्याच घशात अडकलं.

शेवटी तो एकटा त्या लांब दालनातून चालत बाहेर येतो. त्याच्यासाठी वहीत दोन ओळी लिहिल्या होत्या. वही मिटली. नुसते बुटांचे आवाज ऐकू दिले.

दूध तोवर गार झालं होतं, सगळ्यांनी तसंच प्यायलं. फेर धरायला बारा वाजून गेले.

आज सकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वही मागायला आल्या. त्यांची बहीण विडी घरकुलात राहते, तिथल्या बायकांना दाखवायचाय म्हणाल्या, तेलुगूत. वही देऊन टाकली. पद्माताई, त्यांना शेवटच्या प्रवेशात मीरु वापरावं की तमरु ते ठरत नाहीये. इथं उत्तर द्याल का? मी त्यांना वाचून दाखवीन.